पोळ्यातली रात्रपाळी: मधमाशीच्या मेंदूतलं घड्याळ चालतं कसं

रात्रीचे दोन वाजलेत असं समजा. मधपेटीच्या आत मिट्ट काळोख आहे आणि अंडी-अळ्यांच्या भागात तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास. फ्रेमच्या कडेला काही माश्या निश्चल आहेत. शृंगिका खाली झुकलेल्या, पाय सैल, पोट मेणावर टेकत आलेलं. या माश्या झोपल्या आहेत, आणि हे काही लाडानं म्हणायचं म्हणून म्हटलेलं नाही. वॉल्टर कैझर या जर्मन संशोधकाने १९८०च्या दशकात मधमाश्यांच्या शृंगिकांची ठेवण, स्नायूंचा ताण, शरीराचं तापमान आणि डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद मोजला. रात्री त्यांच्यात जे घडतं ते झोपेच्या मुख्य कसोट्यांना उतरतं, असं त्यातून दिसलं.

त्याच फ्रेमच्या मध्यावर, वीतभर अंतरावर, दुसरी माशी एका षट्कोनी घरात डोकं खुपसून आहे. अळीला भरवून झालं की ती मागे सरते, शेजारच्या घरात डोकावते, पुढच्या घराकडे वळते. दुपारी दोन वाजताही ती हेच करत होती. उद्या पहाटेही हेच करेल. मधेच एखादी डुलकी काढते, तीही बहुतेकदा रिकाम्या घरात शिरून, पण त्या डुलकीला दिवस-रात्रीचा काही धरबंध नाही.

दोघी एकाच राणीच्या मुली. दोघींच्या पेशींत जनुकांचा संच जवळपास तोच, घड्याळ चालवणारी जनुकंही तीच. मग एकीला रात्र कळते आणि दुसरीला कळत नाही, हे कसं? या एका प्रश्नाभोवती गेली २५ वर्षं बरंच काम झालं आहे आणि त्याचं उत्तर पहिल्यांदा वाटलं त्यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं निघालं.

आधी मुळात मधमाशीला वेळ कळते, हे कसं समजलं ते पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑग्युस्त फोरेल नावाचे स्विस मनोविकारतज्ज्ञ आणि मुंग्यांचे अभ्यासक घराच्या गच्चीत न्याहारी करत. टेबलावरच्या जॅमवर मधमाश्या यायच्या. फोरेल यांच्या लक्षात आलं, की जॅम नसलेल्या दिवशीही माश्या न्याहारीच्या वेळेला हजर असतात. वास नाही, रंग नाही, तरी वेळ बरोबर. पुढे म्युनिकमध्ये कार्ल फॉन फ्रिश यांच्या विद्यार्थिनी इंगेबोर्ग बेलिंग यांनी १९२९ मध्ये याचा रीतसर प्रयोग प्रसिद्ध केला. माश्यांवर रंगाचे ठिपके देऊन त्यांना ठराविक वेळेलाच साखरपाणी द्यायचं, आणि परीक्षेच्या दिवशी बशी रिकामी ठेवून कोण कधी येतं ते दिवसभर नोंदवत बसायचं. माश्या शिकवलेल्या वेळेच्या आसपास झुंडीनं येत. पण दर १९ तासांनी खाणं ठेवलं तर त्यांना ते शिकताच येईना. २४ तासांचं चक्र मात्र त्या सहज पकडत. म्हणजे त्या तास मोजत नव्हत्या. आतलं काहीतरी २४ तासांच्या आवर्तनात फिरत होतं आणि त्याच्या एका विशिष्ट टप्प्याशी त्या खाण्याची आठवण जोडत होत्या.

तरीही शंका उरत होतीच. कदाचित सूर्याची एखादी खूण बंद खोलीतही पोहोचत असेल? १९५५ मध्ये मॅक्स रेनर यांनी तिचा निकाल लावला. पॅरिसमधल्या एका बंद, कायम उजेड असलेल्या खोलीत माश्यांना ठराविक वेळी खायची सवय लावली आणि रातोरात विमानानं त्यांना न्यूयॉर्कला नेलं. तिथे तशीच खोली तयार होती. माश्या पॅरिसच्या हिशेबानं २४ तास पूर्ण झाल्यावर बशीकडे आल्या. बाहेर न्यूयॉर्कचा सूर्य काय सांगतोय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. विमानप्रवासानं वेळ चुकते हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या घरी परदेशातून आलेल्या पाहुण्यांमुळे ठाऊक असतो. तो प्रयोगशाळेत स्वच्छ दाखवून देणाऱ्यांत या माश्यांचा नंबर फार वरचा आहे.

माशीला घड्याळ लागतं दोन कारणांसाठी. बरीच फुलं दिवसाच्या ठराविक वेळीच मकरंद देतात, त्यामुळे चुकीच्या वेळी उडणं म्हणजे इंधन वाया. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: ती सूर्य पाहून दिशा ठरवते. सूर्य मात्र सरासरी तासाला १५ अंश सरकतो. म्हणजे ‘सूर्याच्या उजवीकडे अमुक इतकं’ हे गणित सकाळी बरोबर आणि दुपारी पार चुकीचं. वेळ ठाऊक असल्याशिवाय सूर्य हा होकायंत्र म्हणून निकामी आहे. पोळ्यात परत येऊन नाच करून इतरांना फुलांची दिशा सांगणाऱ्या काही माश्या बराच वेळ, बाहेर न जाताच नाचत राहतात, आणि सूर्य जसा सरकेल तसा नाचाचा कोन अंधारातच बदलत नेतात.

आता जनुकांकडे. ‘जनुकाची अभिव्यक्ती’ हा शब्द ऐकायला जड आहे, अर्थ सोपा आहे. पेशीत हजारो जनुकं असतात, पण सगळी सदासर्वकाळ वापरात नसतात. एखादं जनुक वापरायचं ठरलं, की त्याची आरएनएच्या रूपात नक्कल निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनतं. एखाद्या क्षणी पेशीत त्या जनुकाच्या किती नकला आहेत, यावरून ते किती जोरात वापरात आहे याचा अंदाज येतो. घड्याळाच्या जनुकांचं वैशिष्ट्य हे, की त्यांच्या नकलांची संख्या दिवसभरात वर-खाली होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तिथेच येते.

हे चक्र कसं चालतं ते आधी फळमाशीत उलगडलं. १९७१ मध्ये अमेरिकेत रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेन्झर यांना तीन विचित्र फळमाश्यांचे वाण सापडले. एकाचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तिसऱ्याला दिवस असा नव्हताच. तिन्ही बिघाड एकाच जनुकात होते. त्याला ‘पिरियड’ नाव मिळालं. पुढे त्याच्या कामाचा उलगडा करणारे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

यंत्रणा अशी आहे. ‘क्लॉक’ आणि ‘सायकल’ नावाची दोन प्रथिनं जोडीनं डीएनएवर बसतात आणि पिरियड जनुक सुरू करतात. नकला निघतात, पिरियडचं प्रथिन बनू लागतं. ते काही तास साचत जातं, मग एका जोडीदार प्रथिनाला धरून पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि तिथे जाऊन क्लॉक-सायकल याच जोडीचं काम थांबवतं. म्हणजे स्वतःचंच उत्पादन बंद पाडतं. आधी बनलेलं प्रथिन हळूहळू नष्ट होतं, अडथळा दूर होतो, क्लॉक-सायकल पुन्हा कामाला लागतात. हा फेरा पूर्ण व्हायला साधारण २४ तास लागतात. सगळी गंमत त्या मधल्या दिरंगाईत आहे. प्रथिन बनल्याबरोबर केंद्रकात शिरून काम थांबवू लागलं असतं, तर नकलांची पातळी एका जागी स्थिर झाली असती आणि घड्याळ नावाची गोष्टच उरली नसती.

फळमाशीत पिरियडचा जोडीदार आहे ‘टाइमलेस’ नावाचं प्रथिन. शिवाय फळमाशीच्या घड्याळपेशींत ‘क्रिप्टोक्रोम’ नावाचं प्रथिन थेट प्रकाश ओळखतं. उजेड पडला की ते टाइमलेसचा नाश घडवतं आणि घड्याळ नव्यानं लागतं. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत क्रिप्टोक्रोमचा वेगळा प्रकार असतो. तो प्रकाश ओळखत बसत नाही, पिरियडचा जोडीदार म्हणून क्लॉकला अडवण्याचं काम करतो.

मधमाशी हा कीटक, तेव्हा तिचं घड्याळ फळमाशीसारखं असणार, असं कुणीही गृहीत धरलं असतं. २००६ मध्ये मधमाशीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले गाय ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातली घड्याळाची जनुकं शोधून काढली, आणि गृहीतक कोसळलं. मधमाशीकडे फळमाशीचं टाइमलेस नाहीच. फळमाशीच्या प्रकारचं, प्रकाश ओळखणारं क्रिप्टोक्रोमही नाही. आहे ते सस्तन प्राण्यांच्या प्रकारचं क्रिप्टोक्रोम. तिच्या मेंदूत पिरियड आणि क्रिप्टोक्रोम यांच्या नकला साधारण एकत्रच, रात्री वाढतात आणि दिवसा उतरतात. सायकलच्या नकला नेमक्या उलट्या वेळेला. फळमाशीत सायकल जवळपास स्थिर असतं आणि क्लॉक वर-खाली होतं. म्हणजे या बाबतीत मधमाशी फळमाशीपेक्षा उंदराच्या जवळ निघाली.

याचा अर्थ ती उंदराची नातेवाईक आहे असा अजिबात नाही. मोनार्क फुलपाखरात क्रिप्टोक्रोमचे दोन्ही प्रकार आढळतात, म्हणजे कीटकांच्या पूर्वजांकडे बहुधा दोन्ही होते आणि वेगवेगळ्या घराण्यांनी वेगवेगळं टाकून दिलं. फळमाशीनं एक टाकलं, मधमाशीनं दुसरं. माझ्या मते या शोधाचा खरा धडा हा, की प्रयोगशाळेत पाळायला सोपा म्हणून निवडलेला एक कीटक बाकी लाखो कीटकांचा प्रतिनिधी ठरत नाही. कित्येक पाठ्यपुस्तकांत अजूनही ‘कीटकांचं घड्याळ’ म्हणून फळमाशीचीच आकृती असते.

आता अळ्यांना रात्रंदिवस भरवणाऱ्या त्या माश्यांकडे, म्हणजे दाई माश्यांकडे, परत जाऊ. पण त्याआधी एक गोष्ट जरा जवळून पाहायला हवी, ती म्हणजे ही मोजणी होते कशी. कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातच आहे.

घरातून नुकत्याच बाहेर आलेल्या माश्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका देतात. मग त्यांना पोळ्यात सोडून कोण काय करतं ते पाहतात. अळ्यांच्या घरांत वारंवार डोकं घालणारी ती दाई. पायांवर परागाचे गोळे घेऊन दारातून आत येणारी ती बाहेर जाणारी. त्यानंतर दर काही तासांनी, दिवसा आणि रात्री, दोन्ही गटांतल्या माश्या उचलून तत्क्षणी गोठवतात. रात्रीचं काम मंद लाल उजेडात चालतं, कारण मधमाशीला लाल रंग दिसत नाही. पुढे कोरड्या बर्फावर ठेवून गोठलेलं डोकं उघडायचं, सूक्ष्मदर्शकाखाली मेंदू सोडवून घ्यायचा. मोहरीच्या दाण्यापेक्षा फार मोठा नसलेला हा मेंदू वितळू न देता, भोवतीच्या ग्रंथी त्याला चिकटू न देता काढायचा असतो. मग त्यातला आरएनए वेगळा करून पिरियडच्या नकला किती, क्रिप्टोक्रोमच्या किती, ते मोजायचं. दर काही तासांनी रात्रभर उठून माश्या पकडणाऱ्या संशोधकांच्या स्वतःच्या घड्याळाचं काय होत असेल, यावर मात्र कुणी शोधनिबंध लिहिलेला दिसत नाही.

२००० साली ब्लॉक, डॅन टोमा, डॅरेल मूर आणि अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे जीन रॉबिन्सन यांचा निबंध आला. बाहेर जाणाऱ्या माश्यांच्या मेंदूत पिरियडच्या नकला तरुण माश्यांपेक्षा दिवसाच्या सगळ्याच वेळी जास्त होत्या. लगेच शंका येते: बाहेर जाणारी माशी साधारण तीन आठवड्यांची असते, दाई पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली. मग हा फरक निव्वळ वयाचा असेल. म्हणून त्यांनी नुसत्या तरुण माश्यांचं पोळं करून तिथली समाजव्यवस्थाच बदलून पाहिली. अशा पोळ्यात मोठ्या बहिणी नसतात, तेव्हा काही पोरसवदा माश्या वेळेआधीच बाहेरच्या कामाला लागतात. या लवकर बाहेर पडलेल्या माश्यांच्या मेंदूतही पिरियडची पातळी पोक्त माश्यांइतकी निघाली. माशी समाजात कुठल्या कामावर आहे, याचा घड्याळाच्या जनुकाशी संबंध जोडून दाखवणारं हे अगदी सुरुवातीचं काम.

पुढच्याच वर्षी ब्लॉक आणि रॉबिन्सन यांनी उलटी दिशा तपासली. पोळ्यात दाईच उरल्या नाहीत, तर बाहेर जाणाऱ्या काही म्हाताऱ्या माश्या पुन्हा अळ्यांना भरवू लागतात. दिवसा काम आणि रात्री झोप या शिस्तीत मुरलेल्या त्या माश्या दाई झाल्यावर चोवीस तास कामाला लागल्या. वय तेच, अनुभव तोच, काम बदललं आणि लय गेली.

मग ब्लॉक यांच्या गटानं २००७ आणि २०१० मध्ये दाई माश्यांच्या मेंदूतली जनुकं बारकाईनं मोजली. पोळ्यात काम करणाऱ्या दाईच्या मेंदूत पिरियड, क्रिप्टोक्रोम यांचा चढउतार जवळपास सपाट झालेला होता. बाहेर दिवस-रात्रीचा उजेड-अंधार दाखवला तरी सपाटच. घड्याळ बंद पडलंय, असाच याचा सरळ अर्थ. पण त्याच दाईला पोळ्यातून काढून प्रयोगशाळेत एकटीला ठेवलं, की थोड्याच काळात तिची लय दिसू लागे, वागण्यातही आणि जनुकांतही. पोळ्यातच पण जिथे अळ्यांशी तिचा थेट संबंध येणार नाही अशा भागात ठेवलं, तरी तेच. म्हणजे लय सपाट करणारी गोष्ट पोळ्यातला अंधार नाही, ऊब नाही, गर्दी नाही. अळ्यांशी येणारा प्रत्यक्ष संपर्कच ते करतो.

यामागचं कारण समजण्यासारखं आहे. कामकरी माशीची अळी सहा दिवसांत वजनानं सुमारे हजारपट वाढते. तिला रात्रीचा उपास परवडत नाही.

पण इथेच एक गोष्ट खटकते, आणि ती खटकायलाच हवी. पोळ्यातून बाहेर काढलेल्या दाईची लय कुठल्याही वेळेपासून सुरू होत नव्हती. ती बाहेरच्या खऱ्या दिवसाशी जुळलेली होती. सकाळी तिची हालचाल वाढे, रात्री मंदावे. घड्याळ जर खरंच थांबलं होतं, तर पुन्हा सुरू होताना त्याला वेळ कोणी सांगितली?

त्याचं उत्तर २०१७ मध्ये आलं, ब्लॉक यांचा गट आणि जर्मनीतल्या व्यूर्त्सबुर्ग विद्यापीठातल्या शार्लोटे हेल्फ्रिश-फ्योर्स्टर यांच्या गटानं मिळून केलेल्या कामातून. त्यांनी संपूर्ण मेंदू एकत्र वाटून नकला मोजण्याऐवजी मेंदूच्या पातळ कापांत पिरियड प्रथिन नेमकं कुठे आहे ते रंगवून पाहिलं. मधमाशीच्या मेंदूत सुमारे १० लाख चेतापेशी असतात. त्यांतल्या मोजक्याच पेशी घड्याळाचा गाभा आहेत. या गाभ्यातल्या पेशींत पिरियड प्रथिन दाईंमध्येही वर-खाली होत होतं, जवळपास बाहेर जाणाऱ्या माश्यांसारखंच. थोडक्यात, दाईचं मुख्य घड्याळ बंद पडलेलंच नव्हतं.

मग आधीच्या मोजणीत सपाट रेघ का आली? पिरियड जनुक फक्त गाभ्यातल्या पेशींत वापरात नसतं. मेंदूतल्या इतर पुष्कळ पेशींतही त्याच्या नकला असतात. अख्खा मेंदू एकत्र करून मोजला की या सगळ्यांची बेरीज हाती येते. भजनात मृदंगवाला तालात आहे, पण भोवतालचे दीडशे टाळ ज्याला जसं सुचेल तसे वाजतायत. मंदिराबाहेर उभं राहून ऐकणाऱ्याला ताल सापडणार नाही, नुसता गलका ऐकू येईल. त्यावरून मृदंगवाल्याला ताल येत नाही असा निष्कर्ष काढला, तर तो त्याच्यावर अन्याय. बाहेर जाणाऱ्या माशीच्या मेंदूत सगळे टाळ मृदंगाबरोबर आहेत, म्हणून बाहेर ऐकतानाही ताल स्वच्छ लागतो. संपूर्ण मेंदूतली हजारो जनुकं एकदम तपासणाऱ्या २०१२ च्या एका अभ्यासातही हेच चित्र होतं: दिवसाच्या लयीत चालणारी जनुकं बाहेर जाणाऱ्या माश्यांत बरीच होती, दाईंत त्यांचं प्रमाण खूपच कमी.

या विषयावरच्या लोकप्रिय लेखांत ‘दाई माश्यांचं घड्याळ बंद असतं’ असं अजूनही सर्रास वाचायला मिळतं. मला ते वाक्य चुकीचं वाटतं, निदान दिशाभूल करणारं तरी. घड्याळ चालू असतं. त्याच्या सांगण्यावरून वागणं तेवढं थांबलेलं असतं. आणि यात सोयही मोठी आहे. दाईला काही दिवसांनी बाहेर पडावंच लागतं. तेव्हा घड्याळ नव्यानं लावत बसण्याची गरज नसते. ते आधीच बरोबर वेळ दाखवत असतं.

आता पुढचा प्रश्न: पोळ्याच्या आतल्या अंधारात, एकसारख्या तापमानात, कधीही बाहेर न गेलेल्या माशीचं घड्याळ बरोबर वेळेला लागतं कसं? आपल्याकडे उजेड हा मुख्य इशारा असतो. २०१६ मध्ये ब्लॉक यांच्या गटानं एक अफलातून गोष्ट दाखवली. तरुण माश्यांना उजेड-अंधाराचं वेळापत्रक एक सांगत असेल आणि वसाहतीची लय दुसरं, तर त्या वसाहतीचं ऐकतात. बाहेर जाणाऱ्या बहिणी सकाळी निघतात, संध्याकाळी परततात, आणि आत बसलेल्या हजारो माश्या त्यांच्या त्या येण्याजाण्यावर आपलं घड्याळ लावून घेतात. पुढच्या प्रयोगांत असं आढळलं, की यासाठी एकमेकींना शिवणंही आवश्यक नाही. मेणाच्या पोळ्यातून येणारी कंपनं आणि वसाहतीच्या हवेतले वास एवढ्यावरही घड्याळ जुळू शकतं. जीवशास्त्रात प्रकाश हा घड्याळाचा सर्वश्रेष्ठ मालक मानला जातो. त्याला समाजानं मागे टाकल्याची इतकी ठसठशीत उदाहरणं फार नाहीत.

समाजाप्रमाणे अन्नही घड्याळ हलवतं. इथे एक काम आपल्या शेजारच्या राज्यातलं आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, रिकेश जैन आणि अ‍ॅक्सेल ब्रोकमन यांनी माश्यांना दिवसातल्या ठराविक वेळीच साखरपाणी मिळेल अशी व्यवस्था केली. बाहेरचा नैसर्गिक दिवस-रात्र तसाच ठेवला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात असं दिसलं, की खाण्याच्या वेळेनुसार मेंदूतल्या घड्याळ-जनुकांचा चढउतारही सरकतो. त्याच प्रयोगशाळेत ‘ईजीआर-१’ या जनुकावर काम झालं. वेळ लक्षात ठेवण्यामागच्या रासायनिक हालचालींत त्याचा हात असावा, असं त्यातून पुढे आलं. फोरेल यांच्या न्याहारीच्या टेबलापासून सुरू झालेली गोष्ट इथे एका जनुकापर्यंत येऊन पोहोचते.

घड्याळाची जनुकं आणि माशीचं प्रत्यक्ष उडणं यांचा सांधा किती घट्ट आहे, हे ऑकलंडच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, तेही जरा वेगळ्या वाटेनं. त्यांना कुतूहल होतं शस्त्रक्रियेतल्या भुलीचं. शुद्धीवर आलेल्या रुग्णाला मधे वेळ गेलाच नाही असं का वाटतं? माणसांवर शस्त्रक्रिया चालू असताना ताण, वेदना, औषधं, रुग्णालयातला उजेड असं बरंच काही एकदम घडतं, त्यामुळे भुलीचा परिणाम वेगळा काढणं कठीण. म्हणून त्यांनी मधमाश्यांना आयसोफ्लुरेन या नेहमीच्या भुलीच्या औषधाखाली दिवसा सहा तास ठेवलं. शुद्धीवर आल्यावर सोडलेल्या माश्या चुकीच्या दिशेनं निघाल्या. सूर्य मधल्या काळात पुढे सरकला होता, त्यांचं घड्याळ मागे राहिलं होतं, त्यामुळे होकायंत्राचं गणित फसलं. वागण्यातली लय काही तास मागे गेली होती आणि मेंदूतल्या पिरियड व क्रिप्टोक्रोम यांचा चढउतारही मागे सरकला होता. हीच भूल रात्री दिली तेव्हा घड्याळ असं मागे पडलं नाही.

हे बहुतेक सगळे प्रयोग एपिस मेलिफेरा या, आपल्याकडे बाहेरून आणलेल्या माशीवरचे आहेत. महाराष्ट्रात मूळच्या आहेत त्या सातेरी, फुलोरी आणि आग्या, शिवाय बिनडंखाच्या छोट्या माश्या. आग्याचं वेळापत्रक तर फारच निराळं आहे. चांदणं पुरेसं असेल तर आग्या माश्या रात्रीही बाहेर पडतात. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासलेल्या भुंग्यांपैकी एक जात तर अमावास्येच्या काळोखातही, नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात फुलं शोधते. या रातकामी जातींच्या घड्याळ-जनुकांचा चढउतार मेलिफेराच्या शेजारी ठेवून पाहायला मिळाला, तर मला स्वतःला ते सगळ्यात आधी वाचायला आवडेल.

घड्याळाचा आणखी एक उपयोग या तीन देशी माश्यांतच फार छान दिसतो. राणी आणि नर यांचं मीलन उडता उडता, हवेत होतं. तिन्ही जातींच्या राण्या नरांना जवळजवळ एकाच रसायनानं आकर्षित करतात. सगळे एकाच वेळी उडाले तर गोंधळच. श्रीलंकेत १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत तिन्हींच्या नरांनी दिवस वाटून घेतलेला दिसला: फुलोरीचे नर दुपारच्या सुरुवातीला, सातेरीचे उन्हं कलल्यावर, आणि आग्याचे थेट सूर्य मावळल्यानंतरच्या संधिप्रकाशात. ठरलेली वेळ चुकवणाऱ्या नराला वर आपल्या जातीची राणी भेटत नाही.

राणीचंही तसंच. तरुण राणीला मीलनासाठी योग्य वेळी बाहेर पडावं लागतं, तेव्हा वेळ पाळावीच लागते. मीलन आटोपून ती पोळ्यात परतते आणि अंडी घालायला लागते, त्यानंतर मात्र तिच्या वागण्यात दिवस-रात्रीची ठाम लय सापडत नाही. दुपार असो की मध्यरात्र, ती एका घरातून दुसऱ्या घराकडे सरकत अंडी घालत राहते.